चाल : अमेरिकन परिपत्रकाची

वीज केंद्र बाहेरून पाहणाऱ्याला चिमण्या दिसतात, कूलिंग टॉवर दिसतात, इरईचं पाणी आणि कोळशाच्या वाघिणी दिसतात. आत कागद असतो, तो दिसत नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे हे कुणीही सांगेल. त्यासाठी किती परिपत्रकं जाळावी, म्हणजे काढावी लागतात, ते आस्थापना विभागातल्या माणसाला विचारावं. तो माणूस मी. राहायला ऊर्जानगरात, क्वार्टरमध्ये. आधी बोर्डाची आणि २००५ नंतर महानिर्मितीची परिपत्रकं वाचून वाचून माझी नजर अशी तयार झाली आहे, की कागद हातात आला की मी विषय नंतर पाहतो, आधी संदर्भ पाहतो. ज्याच्या डोक्यावर संदर्भ क्रमांक एक, दोन, तीन असे पूर्वज बसलेले आहेत ते परिपत्रक कुलीन. ज्याला एकही पूर्वज नाही त्याच्या जन्माबद्दल चौकशी करावी.

परिपत्रक पाळण्यासाठी असतं असा बाहेर एक समज आहे. ते फाइलला लावण्यासाठी असतं. आमच्या वसाहतीत लोक शब्दशः पाळतात अशी सूचना एकच : अंधार पडल्यावर झुडपांच्या कडेने एकट्याने जाऊ नये. तिच्यामागे सक्षम प्राधिकारी म्हणून बिबट्या उभा असतो.

तर अशा माणसाकडे त्याची भाची सुट्टीत आली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, “मामा, हे वाचा न. तुमचा विषय आहे.”

भाची हॉस्टेलला राहून शिकते. विद्यापीठ राज्यातलंच आहे. नाव सांगितल्याने परिपत्रकाचा दर्जा सुधारणार नाही, म्हणून सांगत नाही. झालं होतं असं की युवक महोत्सवासाठी पोरी समूहनृत्य बसवत होत्या. गाणं पेन ड्राइव्हवर होतं. रात्री हॉस्टेलच्या व्हरांड्यात तालीम चालली असताना वॉर्डनबाई आल्या, त्यांनी पेन ड्राइव्ह काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एक पीडीएफ पाठवली. ‘बेकायदेशीर संगीत डाउनलोड व कॉपीराइटविषयक धोरण’. मूळ मजकूर अर्थातच इंग्रजीत. हक्कधारकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणतंही संगीत डाउनलोड करणं, साठवणं, दुसऱ्याला देणं किंवा परिसरात वाजवणं, सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला नेट बंद, दुसऱ्याला अधिष्ठात्यांसमोर हजर, आणि तिसऱ्याला दर गाण्यामागे दीड लाखापर्यंत दंडाची शक्यता.

दीड लाख डॉलर.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. डॉलरच होते. मग बाकीचाही मजकूर बोलू लागला. ‘डॉर्मिटरी’तल्या रहिवाशांना उद्देशून दोन परिच्छेद होते. धोरण ‘फॉल सेमिस्टर’पासून लागू होणार होतं. आणि ज्या कायद्याखाली ही सगळी दरडावणी होती तो होता १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा, जो वॉशिंग्टनला मंजूर झाला आणि ज्याची हद्द वर्धा नदीपर्यंत आल्याचं माझ्या वाचनात नाही. संदर्भाची जागा कोरी. दुसऱ्याचं उचलू नका असं बजावणारा अख्खा कागद दुसऱ्याचा उचललेला होता, आणि उचलणाऱ्याने चलन बदलण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

“मग यांचं नेट कोण बंद करन?” भाची म्हणाली.

मला त्या अनामिक लिपिकाचा राग आला नाही, खरं सांगतो. वरून फर्मान येतं, ‘संध्याकाळपर्यंत धोरण पाहिजे’, आणि धोरण हे काही संध्याकाळपर्यंत सुचत नाही. पण मूळ अमेरिकन कागद इतका घाबरलेला का आहे, याची मला उत्सुकता लागली. निघालं ते असं. १९९९ साली बोस्टनच्या एका विद्यापीठातल्या शॉन फॅनिंग नावाच्या मुलाने नॅपस्टर काढलं. एकाच्या संगणकातलं गाणं दुसऱ्याने थेट उचलायचं, मध्ये दुकान नाही. वसतिगृहांना त्या काळी वेगवान नेट होतं आणि विद्यार्थ्यांना वेळ होता, त्यामुळे पुढचं सांगायला नको. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका या वाद्यवृंदाने नॅपस्टरवर खटला भरला आणि सोबत तीन विद्यापीठांनाही ओढलं : येल, इंडियाना आणि सदर्न कॅलिफोर्निया. येल आणि इंडियानाने घाईघाईने नॅपस्टर बंद करून स्वतःला खटल्यातून सोडवून घेतलं. पुढच्या महिन्यात त्या वाद्यवृंदाचा ढोलवादक तीन लाखांहून जास्त वापरकर्त्यांची नावं कागदावर छापून, खोक्यांत भरून नॅपस्टरच्या कचेरीत घेऊन गेला. संगणकावरच्या चोरीची तक्रार खोकी भरून कागदाने! त्या आवक विभागातल्या माणसाने पोच कशी दिली असेल, या विचाराने मला अजून गलबलून येतं.

२००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं. २००३ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने थेट चार विद्यार्थ्यांवर खटले गुदरले, ते प्रत्येकी बारा ते साडेसतरा हजार डॉलर देऊन सुटले. २००९ मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला ज्युरीने ३० गाण्यांसाठी ६ लाख ७५ हजार डॉलरचा दंड ठोठावला. गाण्यामागे साडेबावीस हजार डॉलर. एवढ्यात त्या काळी गायकालाच घरी बोलावता आलं असतं. अशा वातावरणात तिकडच्या विद्यापीठांच्या वकिलांनी जे धोरण लिहिलं ते भीतीचं धोरण होतं, आणि ती भीती इकडे हॉस्टेलच्या व्हरांड्यात पीडीएफ होऊन उतरली होती.

“अर्ज करू,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यात इतरांचे अर्ज निकाली काढण्यातच दिवस गेले. आपला अर्ज करायची संधी क्वचित येते.

अर्ज लिहायचा म्हणजे आपला कायदा वाचणं आलं. १९५७ चा कॉपीराइट कायदा मी पहिल्यांदाच सलग वाचला आणि त्याच्या प्रेमात पडलो. त्याचं कलम ५२ हे एखाद्या मोठ्या वाड्याच्या मागच्या दारासारखं आहे. पुढच्या दारावर पाटी : परवानगीशिवाय प्रवेश नाही. आणि कलम ५२ मध्ये एकामागून एक, कोण कोण मागून आत येऊ शकतो त्याची यादी. खासगी वा वैयक्तिक वापरासाठी उचित मर्यादेत उपयोग करणारा. शिकवताना उतारा काढून देणारा शिक्षक. फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग करणारी हौशी मंडळी. एवढंच कशाला, रहिवाशांच्या सामाईक सभागृहात त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण ऐकवणं, हॉटेल नसलं तर, हेसुद्धा तिथे लिहिलेलं आहे. आमच्या वसाहतीला डोळ्यांपुढे ठेवूनच हे कलम लिहिलं असावं असं मला वाटलं. फक्त ऊर्जानगर तेव्हा वसलं नव्हतं, इथला पहिला संच १९८३ चा.

आणि विद्यापीठांसाठी तर स्वतंत्र उपकलम आहे. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांत ध्वनिमुद्रण वाजवलं आणि ऐकणारे कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढेच असले, तर हक्कभंग होत नाही. म्हणजे स्नेहसंमेलन सुरक्षित. प्रमुख पाहुणे ‘संस्थेच्या कार्याशी संबंधित’ ठरतात की नाही हा प्रश्न मी मोकळा ठेवला; ते दोन तास उशिरा येतात आणि भाषणात संस्थेचं नाव चुकवतात, त्यावरून संबंध दाट दिसत नाही. युवक महोत्सवात बाहेरचे प्रेक्षक असतील तर वकिलाला विचारावं, असंही अर्जात घातलं. पण हॉस्टेलच्या व्हरांड्यात रात्री तालीम करणाऱ्या पोरींपुढे प्रेक्षक कोण? डास.

बेकायदा संकेतस्थळावरून सिनेमाच्या सिनेमा आणि गाण्यांचे गठ्ठे उतरवणं ‘खासगी वापर’ या शब्दांखाली लपवता येईल असं मी म्हणत नाही. तिथे दोन्ही बाजूंच्या वकिलांना फी घेता येईल एवढी जागा आहे. आपला कायदाही मऊ नाही; कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. रुपये. विद्यापीठ म्हणू शकतं, वायफाय आमचं, नियम आमचे, तेही मान्य. मग तसं म्हणावं. ‘आमची लाइन मंद आहे, रात्री अकरानंतर सिनेमे उतरवू नका’ असं सरळ लिहिलं तर कोणती पोरगी नाही म्हणेल? पण जे कायदा देतो ते कायद्याचंच नाव घेऊन काढून घ्यायचं, आणि तेही परक्या कायद्याचं, हे माझ्या आस्थापनेच्या मनाला पटलं नाही.

यात मला गोव्याचा आधार सापडला. लग्नात किंवा धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर हक्कभंग नाही, असंही कलम ५२ मध्ये आहे. लग्नाच्या वरातीचा आणि लग्नाशी निगडित इतर समारंभांचा त्यात उल्लेखच आहे. तरी हॉटेलांकडे आणि वरपक्षाकडे हक्काचे पैसे मागणारे येतात, म्हणून केंद्राने जुलै २०२३ मध्ये एक सूचना काढली आणि जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने त्यावर आपलं परिपत्रक काढलं. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं : कायद्यात आहे त्याहून जास्त परिपत्रकाने देता येत नाही. परिपत्रक रद्द झालेलं वाचून मला वाईट वाटलं, पेशाचा प्रश्न आहे. पण मुद्दा लगेच टिपून घेतला. परिपत्रकाने कायदा रुंद करता येत नाही, तर अरुंदही करता येऊ नये.

दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्याचंही प्रकरण जोडलं. २०१२ मध्ये तीन बड्या प्रकाशकांनी आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर खटला भरला, कारण तिथे पुस्तकांतले उतारे एकत्र बांधून मिळत. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकाशकांचा दावा फेटाळला, अपिलात थोडी हालचाल झाली आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. तिथे विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या बाजूने उभं होतं. पेन ड्राइव्ह जप्त करत नव्हतं.

हे सगळं शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. ते राख हाताळणी विभागातले, त्यामुळे कशानेच विचलित होत नाहीत. म्हणाले, “पण आता गाणं उतरवते कोण? सगळं तर मोबाइलवर फुकट वाजून राह्यलं.” मुद्दा बरोबर होता. पोरं हल्ली गाणं जवळ ठेवतच नाहीत. पेन ड्राइव्ह लागतो तो फक्त स्टेजवर, कारण ऐन वेळी रेंज जाते.

आमच्या पिढीने मात्र गाणी जवळ ठेवली. जटपुरा गेटच्या आत कॅसेट भरून देणारी दुकानं होती. वहीच्या पानावर यादी करायची, साठची की नव्वदची ते सांगायचं आणि तीन दिवसांनी जायचं. दुकानदाराच्या मागे रेकॉर्ड आणि कॅसेटी खालपासून वरपर्यंत रचलेल्या. यादीतली गाणी बसवूनही शेवटी दोन-तीन मिनिटांची फीत उरली तर तो आपल्या पसंतीचं काहीतरी भरून द्यायचा, आणि ते नेमकं कडव्यात तुटायचं. ती न मागितलेली अर्धी गाणी मला अजून अर्धीच येतात. त्या दुकानावर कायद्याने केव्हाही धाड पडली असती. पण बाजारात जी कॅसेट हवी ती चंद्रपूरला पोचतच नसे, आणि पोचली तर आपल्याला हवं असलेलं एक गाणं नको असलेल्या नऊ गाण्यांसोबत विकत घ्यावं लागे. पुढे कॅसेट गेली, एकाच सीडीत दीडशे गाणी आली, मग मोबाइलच्या टपऱ्यांवर ‘चिप भरून मिळेल’ अशी पाटी लागली. गडचिरोलीकडच्या गावांत जिथे नेट नव्हतं तिथे बाजारच्या दिवशी चिप भरून नेणं हा तेल-मिठाइतकाच नियमाचा व्यवहार होता. त्यातला एकही पैसा गाणाऱ्याला गेला नाही, हे खरं आहे.

मात्र गाणाऱ्याला पैसा कायदेशीर मार्गाने तरी जात होता का? सिनेमाचे गीतकार आणि संगीतकार एकदा सही करून देत आणि पुढची रॉयल्टी कंपनीच्या खिशात. २०१२ च्या दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत लढले, तो वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. तोपर्यंतची लूट रीतसर मुद्रांकावर होती. भाचीच्या धोरणात तिच्याविषयी एकही ओळ नाही.

आणि मराठी माणसाने परक्या चालीवर कधी संकोच केला? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा कीर्तनातल्या, लावणीतल्या, कर्नाटकाकडच्या चाली सरळ घेतल्या. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा साज चढवला. आणि नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर कंसात छापलेलं असे : चाल अमुक. उचललं, पण कुठून ते सांगितलं. पूर्वज नोंदवलेले होते. माझ्या व्याख्येने ती पदं कुलीन. आजही आमच्याकडची भजनी मंडळं अभंग सिनेमाच्या चालीवर म्हणतात, आणि दिवाळीनंतर वडशाहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या कंपन्या मंडईच्या आणि शंकरपटाच्या गावांत रात्रभर नाटक करतात तेव्हा त्यातलं एखादं गाणं ऐकून म्हातारी मान डोलावते ती ओळख पटल्यामुळेच. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरून. तिथे डाउनलोड करण्यासारखं काही नाही. ऑर्गन आणि तबला समोर, बैलगाडीवर बसलेले प्रेक्षक मागे. ऐकायचं तर जावं लागतं.

रेल्याचं काय करायचं, हे तर कायद्यालाही नीट माहीत नाही. गोंड-माडिया पोरं-पोरी एकमेकांच्या हातात हात गुंफून नाचतात ती गाणी कुणी लिहिली? सगळ्यांनी. कधी? नेहमी. म्हणजे कॉपीराइट कुणाचाच नाही. पण उद्या शहरातल्या एखाद्याने ते मोबाइलवर टिपून खाली ढोल भरला आणि चढवून दिलं, तर त्या ध्वनिमुद्रणाचा मालक तो. एटापल्लीच्या पोरींनी तेच मुद्रण स्टेजवर वाजवलं तर परवानगी त्याची मागायची.

कायद्यातली मुदतीची कलमं वाचताना मला खरा आनंद झाला, कारण ते माझं रोजचं काम आहे. कर्मचारी ५८ पूर्ण करतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त. गाण्याचा हिशोब जवळपास तसाच. ध्वनिमुद्रण प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. शब्द आणि चाल : कर्ता गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं, आणि निवृत्ती नेहमी ३१ डिसेंबरला. मी एक तक्ताच केला. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर १९५५ साली सुरू झालं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणून शब्द २०३७ अखेर सेवेत. बाबूजी २००२ साली गेले, म्हणून चाली २०६२ अखेर. पंचवीस वर्षं शब्द मोकळे आणि चाल बांधलेली, असा तो संसार असेल.

मुळात ही साठ वर्षं आली कशी, तीही गोष्ट एका विद्यापीठाची आहे. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, तेव्हाच्या कायद्याने पन्नास वर्षं, म्हणजे १९९१ अखेर सगळं खुलं. हक्क विश्वभारतीकडे. तिथल्या संगीत मंडळाची मान्यता असल्याशिवाय रवींद्रसंगीताचं ध्वनिमुद्रण बाजारात यायचं नाही. देबब्रत बिश्वासांसारख्या लाडक्या गायकाच्या मुद्रणांनाही वाद्यं फार झाली म्हणून हरकत घेतली गेली. मुदत संपत आली तशी धावपळ झाली आणि देशाच्या कायद्यात पन्नासची साठ झाली. रवींद्रनाथांना दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि त्यांच्या पंक्तीला बसलेल्या आपल्या सगळ्या मंडळींनाही. मुदतवाढीची प्रकरणं मी खूप पाहिली, पण एकाच्या प्रस्तावावर सगळ्या देशाला मिळालेली ही एकच.

आमच्या भागाचा विद्यापीठांशी संबंध मात्र वेगळ्या गाण्याचा आहे. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, त्याआधी चंद्रपूरची कॉलेजं नागपूर विद्यापीठाखाली होती, आणि त्या विद्यापीठाला नाव आहे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. म्हणजे खंजिरीवर भजन म्हणणाऱ्या माणसाचं. चिमूर आमच्याच जिल्ह्यातलं. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथे जो उठाव झाला त्यात महाराजांच्या भजनांचा वाटा होता असं सरकारला वाटलं, आणि त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. गाण्यावरून माणसाला आत टाकायचं इंग्रज सरकारचं धोरण निदान स्वतः लिहिलेलं होतं.

तक्ता करताना मी महाराजांचीही नोंद घातली. निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८. मुदत १ जानेवारी १९६९ पासून. म्हणजे कायद्याच्या साध्या हिशोबाने त्यांची भजनं ३१ डिसेंबर २०२८ च्या मध्यरात्री सगळ्यांसाठी मोकळी होतील. भाचीला दाखवलं तर ती म्हणाली, “पण मामा, ते तं आताच सगळे म्हणतात.” म्हणतात खरं. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत रोज संध्याकाळी प्रार्थनेला म्हणतात, लेखी परवानगी घेतल्याचं ऐकिवात नाही. त्या ३१ डिसेंबरला मंडळात काही कार्यक्रम ठेवायचा का, असं मी इथल्या एका ज्येष्ठ प्रचारकांना विचारलं. त्यांनी तक्ता नीट पाहिला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, रात्री बारापर्यंत जागता नाही यायचं बाप्पा, पहाटे सामुदायिक ध्यान राह्यते.